देवळालीचे सिंधी आणि अंबडचे पूर्वांचली: तुलना करताना अर्धाच ताळेबंद वाचू नका

अर्थशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत नेसत्या वस्त्रानिशी उतरली आणि एक-दोन पिढ्यांत दुकानदार, व्यापारी झाली. पूर्वांचलचे, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार पंचवीस-तीस वर्षे नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत राबताहेत, तरी त्यांतले बहुतेक अजून भाड्याच्या खोलीत आहेत. हा फरक त्या त्या समाजाच्या गुणांचा मानायचा का? आणि प्रबंधात दोघांच्या आर्थिक स्थितीची तुलना नेमकी कशी करायची?

माझी नोकरी नाशिकच्या सहकारी बँकिंगमध्ये गेली, तीही बहुतेक कर्ज विभागात. आता लहान उद्योजकांचे कर्जप्रस्ताव तयार करून देतो. दोन्ही समाजांच्या फायली भरपूर पाहिल्या आहेत. त्यामुळे हे उत्तर कर्जवाल्याच्या नजरेतून आलेले आहे, समाजशास्त्र्याच्या नव्हे. त्यात काही कमी-जास्त वाटले तर तुमच्या मार्गदर्शकांना विचारा.

गुणांचा प्रश्न आधी निकालात काढू. ‘सिंधी मुळातच धंदेवाईक’ आणि ‘बिहारी मुळातच मजूर’ ही दोन्ही वाक्ये मी बँकेच्या संचालकांच्या तोंडून ऐकली आहेत. कर्ज वसूल होईल की नाही हे सांगायला त्यांचा कधीच उपयोग झाला नाही. हप्ता भरणारा आणि बुडवणारा दोन्हीकडे सापडतो. फाईल उघडली की फरक दिसतो तो तीन ठिकाणी: माणसाची मालमत्ता कोणत्या गावात आहे, त्याच्या मागे पत कोणाची उभी आहे आणि त्याच्या हातात कागद कोणता आहे.

मालमत्तेपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातली गफलत तिथेच आहे. तुम्ही दोन्ही समाज नाशिकमध्ये पाहताय. सिंधी कुटुंबाची सगळी मिळकत नाशिकमध्येच आहे, कारण दुसरीकडे कुठे ती असूच शकत नव्हती. सिंधमधले घर, दुकान, जमीन सुटली ती कायमची. पूर्वांचलच्या कामगाराचे नेमके उलटे आहे. समजा, आजमगढचा एक वेल्डर महिन्याला अठरा हजार कमावतो. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे, डबा आणि मोबाइल यात सहा-सात हजार जातात. उरलेले अकरा-बारा हजार गावी जातात. पूर्वी मनीऑर्डर असे, आता फोनवरून दोन मिनिटांत पोचतात. त्या पैशातून गावी पक्के घर उभे राहते, बहिणीचे लग्न होते, बापाचे ऑपरेशन होते, गहाण पडलेला जमिनीचा तुकडा सुटतो. दहा वर्षांनी त्याच्या नाशिकच्या खोलीत गेलात तर एक पेटी, एक पंखा आणि भिंतीवर चार जणांचे कपडे, एवढेच दिसेल. तुम्ही लिहाल, ‘मालमत्ता शून्य’. प्रत्यक्षात त्याचा ताळेबंद दोन गावांत विभागलेला आहे आणि तुम्ही त्यातले फक्त खर्चाचे पान वाचले आहे.

याचा अर्थ तो छुपा श्रीमंत आहे असा अजिबात नाही. गावी गेलेला पैसा बहुतांश उपभोगात, आजारपणात आणि कर्जफेडीत जिरतो. गावातल्या घरावर नाशिकची बँक कर्ज देत नाही. ती संपत्ती आहे, पण भांडवल म्हणून इथे चालत नाही. माझ्या मते या सगळ्या तुलनेचे मर्म हेच आहे: एका समाजाची बचत तिथल्या तिथे भांडवल झाली, दुसऱ्याची बचत दीड हजार किलोमीटरवर जाऊन भिंती झाली.

आता सिंध्यांकडे वळू. ‘नेसत्या वस्त्रानिशी’ हे अर्धे खरे आहे. फाळणीआधी सिंधमध्ये हिंदू लोकसंख्येच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे होते, पण शहरांतला व्यापार, सावकारी आणि सरकारी कारकुनी यांत त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा होता. सिंधमधल्या हैदराबादचे भाईबंद हा व्यापारी वर्ग परदेशी बंदरांत पेढ्या चालवत होता, आमील हा दुसरा वर्ग सरकारी नोकरीत आणि शिक्षणात पुढे होता, शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, दूरवर चालत. मुंबईच्या बाजारात ज्यांना ‘मुलतानी’ म्हणत ते हुंडीवाले प्रामुख्याने हेच. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि स्थलांतराचा वेग वाढला. बोटी मुंबईला लागत आणि तिथून कुटुंबांना कल्याण, देवळाली अशा लष्करी बराकींच्या छावण्यांत पाठवले जाई. कल्याणच्या छावणीचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले. देवळालीत युद्धकाळातल्या बराकी रिकाम्या होत्याच.

बोटीत दागिने फारसे आले नसतील. पण हिशेब लिहिता येणारा माणूस आला, आणि मुख्य म्हणजे त्याला ओळखणारा सावकार, दलाल आणि ठोक व्यापारीही त्याच लाटेत आला. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत संपते, कर्जाच्या टेबलावर मात्र तीच सर्वांत मोठी असते. कापडाचे ठाण उधारीवर उचलायला तारण लागत नाही. ‘हा अमक्याचा मुलगा, शिकारपूरला यांची पेढी होती’ एवढे सांगणारा कोणीतरी लागतो. सिंध्यांच्या बाबतीत सांगणारे अख्खे गावच इकडे आले होते. उल्हासनगरच्या किंवा मुंबईच्या ठोकवाल्याकडून माल उधार घ्यायचा, थोड्या नफ्यावर पटपट विकायचा, पैसे वेळेवर पोचवायचे आणि पुढच्या खेपेला जास्त माल उचलायचा. या फिरत्या उधारीवर खेळते भांडवल तयार झाले. बँक त्यांच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा आली. भिशी, नातेवाइकांची हातउसनी रक्कम आणि ठोकवाल्याची उधारी हे आधी.

दुसरा भाग सरकारचा. तो लोक विसरतात, आणि सिंधी व्यापारी मंडळी स्वतःही तो सांगायचे टाळतात, कारण ‘स्वतःच्या हिमतीवर’ ही गोष्ट ऐकायला जास्त गोड लागते. हिंमत होतीच. पण 1948 मध्येच पुनर्वसन वित्त प्रशासन नावाची संस्था कायद्याने उभी राहिली, ती निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरता. 1950 च्या कायद्याने सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे तपासले गेले आणि 1954 च्या कायद्याने त्यांवर भरपाई मिळाली. दावा लहान तर भरपाईचे प्रमाण जास्त, दावा मोठा तर प्रमाण कमी, अशी रचना होती. छावण्यांतली आणि सरकारने बांधलेली घरे त्यात राहणाऱ्यांनाच विकायची सोय होती. ज्याचा दावा मंजूर होता त्याची किंमत दाव्यातून वळती होई, ज्याचा नव्हता तो हप्त्याने भरी. म्हणजे निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला काही वर्षांत हक्काचे छप्पर मिळू शकत होते. कर्जवाल्याला विचाराल तर छपरापेक्षा त्याचा कागद मोठा, कारण तो गहाण ठेवता येतो.

हे सगळे काही गुण्यागोविंदाने झाले नाही. 1948 चा मुंबई निर्वासित कायदा होता, त्यात नोंदणी सक्तीची होती आणि कोणत्या छावणीत राहायचे हे सरकार ठरवी. स्थानिक दुकानदार नाराज होते. रेल्वेच्या डब्यात पेन, कंगवे, गोळ्या विकणारी पोरे आणि दारोदार पापड विकणाऱ्या बायका ही त्या पिढीची खरी सुरुवात. जे टिकले त्यांची दुकाने आज आपल्याला दिसतात. जे नाही टिकले, ज्यांची मुले कारखान्यात किंवा कारकुनीत गेली, त्यांच्या पाट्या कुठे नाहीत. यशस्वी माणसाची पाटी वाचून समाजाची सरासरी काढायची नसते, एवढे भान प्रबंधात ठेवा.

पूर्वांचलच्या माणसाकडे परत येऊ. हा एकटा येतो. त्याच्या आधी आलेला गाववाला त्याला ठेकेदाराकडे उभा करतो, खोलीत जागा देतो, पहिल्या महिन्याचा डबा उधारीवर लावून देतो. म्हणजे जाळे यालाही आहेच. पण ते जाळे नोकरी देणारे आहे, माल उधार देणारे नाही. गाववाला स्वतः हेल्पर किंवा फिटर असेल तर तो फार तर हेल्परची किंवा फिटरची जागा मिळवून देईल. म्हणून एकाच गल्लीत सगळे पॉलिशवाले, एकाच गल्लीत सगळे पीओपीवाले सापडतात. जिथे गाववाला मालक झालेला आहे, तिथे चित्र लगेच बदलते, हे पुढे सांगतो.

तो कुटुंब का आणत नाही, इथे घर का घेत नाही, असे तुम्ही विचाराल. बाहेरून पाहताना हा आळस किंवा दूरदृष्टीचा अभाव वाटतो. त्याच्या बाजूने हिशेब करून बघा. फेब्रुवारी 2008 मध्ये नाशिकमध्ये उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि हजारो कामगार मिळेल त्या गाडीने गावी गेले. मग 2020 ची टाळेबंदी. मुंबई-आग्रा महामार्गावरून पायी निघालेल्यांना नाशिक जिल्ह्यात अडवून निवारा केंद्रांत ठेवले होते. 1 मे 2020 ला देशात ज्या पहिल्या श्रमिक विशेष गाड्या जाहीर झाल्या, त्यात नाशिकहून भोपाळ आणि नाशिकहून लखनौ या दोन होत्या. बारा वर्षांत दोनदा ज्याला शहर सोडावे लागले किंवा सोडायची तयारी ठेवावी लागली, तो आपली सगळी पुंजी त्या शहरात कशी गुंतवेल? गावचे घर हा त्याचा विमा आहे. सिंध्याकडे असा विमा नव्हता. परतीचे दार बंद होते, म्हणून त्याने सगळे इथे लावले. त्यात धाडस होते आणि नाइलाजही होता. किती धाडस आणि किती नाइलाज, हे कोणाला वेगळे काढता येणार नाही.

आता कागद. यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या प्रबंधात नवीन काही निघालेच तर ते इथेच निघेल.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाची अट अशी की अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. आता आपल्या वेल्डरने दहा वर्षे पोट मारून गावी जे घर बांधले, त्यानेच तो नाशिकच्या घरकुलातून बाद होतो. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, दोन घरांना अनुदान कशाला? पण त्याचा परिणाम पाहा. जो घर गावी बांधतो तो शहरात कायम भाडेकरू राहतो.

भाडेकरू आहे तर भाडेकरार पाहिजे. घरमालक नोंदणीकृत करार करायला तयार नसतो, कारण एका खोलीत पाच माणसे दाखवायची नसतात. करार नाही तर पत्त्याचा पुरावा नाही, पत्ता नाही तर दुकानाची शॉप ॲक्ट नोंदणी, बँकेचे चालू खाते, सगळीकडे खेटे. त्यानंतर जामीनदार. आमच्या बँकांना जामीनदार स्थानिक लागतो, शक्यतो सभासद, शक्यतो पगारदार. हेल्परला ओळखणारा स्थानिक पगारदार माणूस म्हणजे त्याचा सुपरवायझर, आणि सुपरवायझर सही करत नाही. या एका सहीपायी परत गेलेले प्रस्ताव माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यातला माणूस कामाचा होता, ऑर्डर हातात होती, मशिन घ्यायला पैसे नव्हते.

भविष्य निर्वाह निधीचे (पीएफ) दुखणे वेगळे. ठेकेदार बदलला की कामगार जुना पीएफ काढून घेतो, कारण गावी गरज असतेच. पण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. प्रत्येक वेळी पेन्शनची रक्कमही काढून घेतली की सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पंचवीस वर्षे पीएफ कापला जाऊनही पेन्शनला अपात्र ठरलेली माणसे सातपूरमध्ये शोधायला फार वेळ लागणार नाही. पूर्वी ठेकेदार प्रत्येक वेळी नवा पीएफ नंबर काढत, यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच नंबर, आल्यापासून ते थोडे सुधारले, पण काढून घ्यायची सवय राहिली.

मुलांच्या पिढीचाही एक कागद आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे. अंबडमध्ये जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या लोहाराच्या किंवा यादवाच्या पोराला इथल्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, आणि गावी तो राहत नाही.

आणि जिथे कागदाविना धंदा वाढला, तिथे काय झाले? अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार घ्या. त्यात उत्तर प्रदेशातून आलेल्यांची बरीच दुकाने होती, उलाढाल डोळे पांढरे करील अशी. जागा मात्र अनधिकृत. जानेवारी 2017 मध्ये महापालिकेने तो हटवला. मी तिथल्या दुकानदारांची बाजू घेत नाही, आजूबाजूच्या रहिवाशांचा त्रास खरा होता. पण आर्थिक मुद्दा असा, की कित्येक वर्षांची उलाढाल असूनही त्या दुकानांवर एक रुपयाचे तारणी कर्ज होऊ शकत नव्हते, आणि बुलडोझर गेल्यावर ताळेबंदात फक्त भंगाराचा साठा उरला. छावणीतल्या बराकीचा मालकी कागद आणि लिंक रोडवरचा पत्रा, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा.

तरीही ‘पूर्वांचली म्हणजे मजूर’ हे आजच्या अंबडमध्ये खरे राहिलेले नाही. पावडर कोटिंग, फॅब्रिकेशन, पॅकिंगच्या लाकडी पेट्या, फर्निचर, या धंद्यांत गाळे भाड्याने घेऊन जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कारखान्यांची कामे मजुरीवर करून देणारे पुष्कळ आहेत. यांचा प्रवास विचारला तर तो बहुधा एकसारखाच निघतो. आधी कारखान्यात हात बसला. मग सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे. मग ठेकेदाराची मेहेरनजर होऊन जुने मशिन हप्त्याने. आणि ठळक वळण येते ते बायको-मुले नाशिकला आल्यावर. कुटुंब आले की गावी जाणारा पैसा आटतो, मुलाच्या शाळेमुळे पत्ता स्थिर होतो, बायको शिलाई किंवा डबे करून घरखर्चाला हातभार लावते, आणि पहिल्यांदाच बचत नाशिकमध्ये राहते. मी जे प्रस्ताव मंजूर होताना पाहिले ते जवळजवळ सगळे कुटुंब आणलेल्यांचे. अशा गाळेवाल्याकडे मग गाववाले येतात ते हेल्पर म्हणून नव्हे, काम शिकून स्वतःचे मशिन टाकायला. सिंध्यांचा ठोकवाला जे करत होता तेच हा करतो, फक्त कापडाऐवजी जॉब उधार देतो. लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेचा आणि फेरीवाल्यांच्या स्वनिधी कर्जाचा उपयोग झाला तो मुख्यतः यांच्या आणि पाणीपुरी-भाजीवाल्यांच्या वर्गाला. स्वनिधीची पहिली उचल दहा हजारांची होती. रक्कम किरकोळ, पण फेडल्यावर पतनोंद तयार होते, आणि पुढच्या कर्जाला तीच लागते.

म्हणून पद्धतीबद्दल सांगतो. आजचा तिसऱ्या पिढीचा सिंधी दुकानदार आणि आजचा पहिल्या पिढीचा कामगार यांची तुलना करू नका. त्यातून हवे ते सिद्ध होते, म्हणजे काहीच होत नाही. 1950 च्या दशकातली सिंधी कुटुंबे आणि कुटुंबासह आलेले आजचे पूर्वांचली यांची तुलना करा. देवळाली-नाशिकरोडच्या ज्येष्ठ सिंधी मंडळींपैकी ज्यांनी छावणी लहानपणी पाहिली, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जा, अंबड पळून जात नाही. त्यांना दुकान कसे वाढले हे विचारू नका, ते पाठ झालेले उत्तर देतील. पहिला माल कोणाकडून उधार आणला आणि त्याने का दिला, हे विचारा. शिवाय ज्यांनी दुकान काढले नाही अशा सिंधी कुटुंबांनाही शोधा, नाहीतर नमुनाच एकांगी होईल.

अंबड-सातपूरला कामगारांचे दोन गट करा: एकटे राहणारे आणि कुटुंब आणलेले. दोघांचे उत्पन्न सारखे असलेली माणसे निवडता आली तर फारच उत्तम, कारण मग फरक उत्पन्नाचा नसून बचत कुठे राहते याचा आहे की नाही, ते कळेल. माझा अंदाज आहे की तो तसाच निघेल. चुकला तर मला कळवा, मला आवडेल.

प्रश्नावलीत ‘मासिक उत्पन्न किती’ हा प्रश्न शेवटी ठेवा, त्याचे खरे उत्तर कोणी देत नाही, कर्ज मागायला आलेलासुद्धा नाही. त्याऐवजी गेल्या वर्षी गावी किती पैसे गेले, गावचे घर कोणाच्या नावावर आहे, पीएफ शेवटचा कधी काढला, खोलीचा करार नोंदवलेला आहे का आणि अडीनडीला पन्नास हजार लागले तर नाशिकमध्ये कोणाकडे मागाल, हे विचारा. दुपारच्या पाळीत जाऊ नका, कोणी भेटणार नाही. रविवारी सकाळी दहानंतर जा, आणि छठ किंवा होळीच्या आठवड्यात तर मुळीच नको, अर्धा अंबड गावी गेलेला असतो.